काचेला चिकटलेला फोटो आणि स्कॅनरची निवड

स्कॅनर घ्यायला गेलं की दुकानदार पहिला आकडा सांगतो तो डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचा. 2400, 4800, 6400, 9600. आकडा जितका मोठा तितकं यंत्र भारी, हा हिशेब गिऱ्हाइकही घरूनच करून आलेलं असतं. जुने फोटो, निगेटिव्ह आणि स्लाइड संगणकावर उतरवायच्या असतील तर डीपीआय पाहावा लागतो, पण वेंगुर्ले, मालवण, देवगडच्या किनारपट्टीतल्या घरांनी तो सगळ्यांत शेवटी पाहावा. आधी दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा. एक, घरातल्या ट्रंकेत आणि भिंतींवर नेमकं काय आहे. आणि दोन, ते आजवर कुठल्या हवेत राहिलं. या दोन प्रश्नांची उत्तरं मांडून बसलं की जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा असलेला स्कॅनर बहुतेक वेळा यादीतून गळतो आणि वेगळंच यंत्र पुढे येतं.

आधी मालाची मोजदाद. सिंधुदुर्गातल्या घरातला फोटोंचा साठा हा मुंबई आणि गाव यांच्यातल्या येण्याजाण्याने तयार झाला आहे. गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत नोकरीला असलेल्या चाकरमान्याने परळ-लालबागच्या स्टुडिओत काढून घेतलेले हाफ प्लेट, पोस्टकार्ड साइजचे कृष्णधवल फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्यातलेच मोठे करून, कधी हाताने रंगवून, माजघरात टांगलेले वडीलधाऱ्यांचे फोटो. साठ-सत्तरच्या दशकांत आगफा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा घरात आला, त्याच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो निघायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल त्यात घातलेला असायचा. त्या चौकोनी निगेटिव्ह अजूनही स्टुडिओच्या पिवळ्या पडलेल्या पाकिटांत सापडतात. मग ऐंशीच्या दशकात 35 मिलिमीटरचे रंगीत रोल आले, लग्नांचे आणि बारशांचे अल्बम आले, त्यातही चिकट पानांवर फोटो ठेवून वर प्लास्टिक दाबायचे ते अल्बम. स्लाइड घरांत कमीच. त्या व्याख्यानांसाठी वापरल्या जात, म्हणून शिक्षक, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ अशांच्या घरी निघाल्या तर निघतात. म्हणजे बहुतेक घरांत सर्वाधिक संख्या छापील फोटोंची, त्याखालोखाल 35 मिलिमीटरच्या रंगीत निगेटिव्हची, मग चौकोनी निगेटिव्हची आणि शेवटी स्लाइडची. तुमच्या घरातला क्रम वेगळा असू शकेल. तो कागदावर लिहून काढा, तोच खरेदीचा आराखडा.

आता हवेकडे वळू. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 80 च्या वर असते. जिलेटिन दमट हवेत फुगतं, मऊ होतं. फ्रेममध्ये फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड ठेवलेली नसेल, आणि गावच्या फ्रेमवाल्याने ती क्वचितच ठेवलेली असते, तर मऊ झालेला थर काचेला लागतो आणि पाऊस सरला की तिथेच वाळतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जांभ्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर तीस-चाळीस पावसाळे काढलेला फोटो काचेपासून सुटतच नाही. तो ओढून काढला तर कागद हाताशी येतो आणि चेहरा काचेवर राहतो. पाण्यात भिजवून सोडवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात चक्क विरघळतं. हाताने रंगवलेल्या फोटोचा रंगही जातो. अशा फोटोला हात लावण्याआधी तो काचेसकट स्कॅन करून घेणं हाच पहिला आणि पुष्कळदा शेवटचा उपाय असतो. माझ्या मते किनाऱ्यावरच्या घराने कुठला स्कॅनर घ्यावा याचा निकाल इथेच लागतो.

कारण असं की फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे असतात. स्वस्त, पातळ, यूएसबीच्याच विजेवर चालणारे जे स्कॅनर दुकानात सर्रास दिसतात त्यांत सीआयएस जातीचा सेन्सर असतो. कॅननची लाइड मालिका आणि एप्सनचा व्ही39 या जातीचे. झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेली घरगुती यंत्रंही बहुतेक याच जातीची. हा सेन्सर काचेच्या अगदी लगत सरकतो आणि काचेला टेकलेल्या वस्तूपुरतंच नीट पाहतो. कागद मिलिमीटरभर वर उचलला गेला की चित्र पुसट व्हायला लागतं. दुसरी जात सीसीडीची. यात आरसे आणि भिंग असतं, म्हणून यंत्र जाडजूड होतं, पण काचेपासून काही मिलिमीटर वर असलेली वस्तूही ते बऱ्यापैकी स्पष्ट टिपतं. फ्रेमची काच दोनेक मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे काचेला चिकटलेला आजोबांचा फोटो सीआयएस स्कॅनरवर ठेवला तर 4800 डीपीआयचा पुसट फोटो मिळेल, आणि सीसीडी स्कॅनरवर 600 डीपीआयलाही मिशीचा केस दिसेल. दमट हवेने वाकलेले फोटो, पुठ्ठ्यासकट धनुष्यासारखे झालेले जुने स्टुडिओ फोटो, चिकट अल्बमची न उलगडणारी पानं, सगळ्यांना हेच लागू. स्कॅनरच्या काचेपेक्षा मोठी फ्रेमची काच ठेवली तर ती कडेच्या उंचवट्यावर टेकते आणि फोटो आणखी वर जातो. तेव्हाही सीसीडीच कामी येते.

दुकानात हे तपासायला सोपं आहे. सोबत एक साधी पट्टी न्या. तिचं एक टोक स्कॅनरच्या काचेवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली दोन-तीन नाणी एकावर एक ठेवा आणि स्कॅन करा. पट्टीवरच्या रेघा कुठपर्यंत वाचता येतात ते पाहिलं की विक्रेत्याच्या माहितीपत्रकाची गरज उरत नाही. ज्याच्या घरात फक्त सपाट, सुटे, चांगल्या अवस्थेतले फोटो आहेत त्याने पाच-सात हजारांचा सीआयएस स्कॅनर खुशाल घ्यावा. तो काम चोख करतो, वीज कमी खातो आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत असल्याने वीज गेली तरी थांबत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं, त्यावर निगेटिव्ह होणार नाहीत. त्यासाठी झाकणात दिवा लागतो, आणि तो या स्वस्त यंत्रांत नसतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो: हातात चांगला मोबाइल असताना स्कॅनर हवाच कशाला? काचेतला फोटो मोबाइलनेही टिपता येतो, दीड मिनिटात होतो. खरं आहे, आणि ज्याला फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकायचा आहे त्याने तेवढंच करावं. पण काचेवर खिडकीचं आणि स्वतः काढणाऱ्याचंच प्रतिबिंब पडतं, चौकट तिरकी होते, कडा मऊ पडतात, आणि मोबाइल स्वतःच्या अकलेने चेहऱ्यावरचा खरबरीतपणा गुळगुळीत करून टाकतो. जुन्या फोटोत तो खरबरीतपणा म्हणजेच माहिती असते. एका बाबतीत मात्र कॅमेरा स्कॅनरवर मात करतो, हे मान्य करायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अनेक फोटो रेशमी किंवा बारीक खळग्यांच्या कागदावर छापलेले आहेत. स्कॅनरचा प्रकाश एका बाजूने तिरका येतो आणि तो प्रत्येक खळगा चमकवतो. चेहऱ्यावर जाळी पडल्यासारखं दिसतं. असे फोटो दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन, कॅमेरा बरोबर वरून धरून काढावेत. अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सचा डिजिटल कॅमेरा आणि खाली दिव्याची पाटी असा जामानिमा असलेल्याने निगेटिव्हही त्याच पद्धतीने केल्या तर स्कॅनरपेक्षा वेगाने आणि बऱ्याचदा अधिक बारकाईने होतात. पण ज्याच्याकडे हे साहित्य नाही त्याने केवळ या कामासाठी ते विकत घेणं महाग पडतं.

आता त्या डीपीआयच्या आकड्याकडे येऊ, कारण तो टाळून चालणार नाही. छापील फोटोत मुळात जितका तपशील असतो तो 300 डीपीआयला जवळजवळ सगळा येतो. सुरक्षित म्हणून 600 ठेवावं. चार बाय सहा इंचाचा फोटो 600 ला स्कॅन केला की 86 लाख पिक्सेल मिळतात आणि न दाबलेली फाइल 26 एमबीची होते. असे हजार फोटो 26 जीबीत मावतात. 1200 ला गेलं तर फाइल चौपट होते आणि बहुधा कागदाचे तंतूच जास्त दिसतात. पासपोर्ट साइजचा किंवा ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा मोठा करायचा असेल तेवढ्यापुरतं ते ठीक. निगेटिव्हचं गणित निराळं. तिथे चित्रच लहान असल्याने जास्त डीपीआय लागतो, आणि इथेच पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा आकडा फसवतो. एप्सनच्या व्ही600 या फिल्मची सोय असलेल्या सीसीडी स्कॅनरवर 6400 लिहिलेलं असतं; स्वतंत्र चाचण्यांत त्याच्याकडून प्रत्यक्ष मिळणारा तपशील साधारण 1500 च्या आसपास भरतो. त्याच कंपनीचा बराच महाग व्ही850 सुमारे 2300 पर्यंत जातो. उरलेला आकडा म्हणजे त्याच पुसट चित्राचे आणखी बारीक तुकडे. आगफा क्लिकच्या चौकोनी निगेटिव्हला 1500 खरे डीपीआय म्हणजे एक कोटीहून अधिक पिक्सेल, ज्यातून बारा इंची फोटो आरामात छापता येईल. त्या कॅमेऱ्याच्या साध्या भिंगातून याहून जास्त काही निघणार नाही. उलट तीच निगेटिव्ह 6400 ला 48 बिटमध्ये काढली तर एकेक फाइल 1 जीबीच्या पुढे जाते. 35 मिलिमीटरच्या चिमुकल्या चौकटीला मात्र 1500 खऱ्या डीपीआयने जेमतेम 30 लाख पिक्सेल येतात, म्हणजे पाच बाय सात इंची छपाईपुरते. ज्याच्याकडे 35 मिलिमीटरच्या उत्तम निगेटिव्ह वा स्लाइड शेकड्यांनी आहेत आणि बाकी फारसं काही नाही, त्याने फ्लॅटबेडचा नादच सोडावा आणि प्लस्टेकसारखा फक्त 35 मिलिमीटरचा फिल्म स्कॅनर पाहावा. तो तपशील दुपटीहून जास्त देतो, मात्र एकेक चौकट हाताने सरकवत बसावी लागते.

झाकणातला दिवा किती रुंद आहे हे विचारायला लोक विसरतात. व्ही600 मध्ये तो सुमारे 7 सेंटिमीटरची पट्टीच उजळतो. 35 मिलिमीटरच्या बारा चौकटी, चार स्लाइड किंवा चौकोनी निगेटिव्हची एक पट्टी एका वेळी होते. गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओचा साठा कुणाच्या हाती आला असेल, त्यातल्या क्वार्टर प्लेट आणि हाफ प्लेटच्या काचा किंवा शीट फिल्म, तर त्या या पट्टीत मावणार नाहीत. त्यासाठी आठ बाय दहा इंच उजळणारा व्ही850 सारखा स्कॅनर किंवा वर सांगितलेली कॅमेऱ्याची पद्धत लागते. हाफ प्लेटवर पेन्सिलने केलेलं टचिंग त्या निगेटिव्हवरच असतं, म्हणून काच पुसू नये. दुसरा प्रश्न काळोखी भागाचा. दशावताराच्या रात्रीच्या खेळात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत रंगवलेले पांढरे चेहरे निगेटिव्हवर दाट काळे उमटतात. त्या दाटपणातून प्रकाश पार जाऊन भुवया आणि डोळे उमटायला हवेत. कृष्णधवल निगेटिव्हपुरता व्ही600 सारखा स्कॅनर पुरतो. स्लाइडमधल्या गर्द सावल्यांना तो कमी पडतो, आणि तिथे महाग यंत्राचे पैसे वसूल होतात.

धूळ आणि ओरखडे आपोआप काढणाऱ्या ‘डिजिटल आइस’चा विक्रेते फार गाजावाजा करतात. ही सोय अवरक्त प्रकाशावर चालते. रंगीत फिल्मच्या रंगांतून हा प्रकाश आरपार जातो आणि फक्त धूळ त्याला अडवते, म्हणून यंत्राला धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र या प्रकाशालाही अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजतं. कोडाक्रोम स्लाइडवरही ती सोय भरवशाची नाही. म्हणजे आपल्या ट्रंकेतल्या ‘इंदू’च्या रोलांना तिचा काडीचाही उपयोग नाही, ऐंशीनंतरच्या रंगीत निगेटिव्हना आहे. एवढ्यासाठी जास्त पैसे द्यायचे का, हे आधी केलेल्या मोजदादीवर ठरवा.

पैशांचाच आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फिल्मची सोय असलेला सीसीडी स्कॅनर साध्या स्कॅनरच्या चार-पाच पट किमतीला पडतो, आणि घरचं काम एका हंगामात संपतं. मग स्टुडिओत का देऊ नये? पन्नास-साठ फोटो असतील तर जरूर द्यावेत, मात्र किती डीपीआय, कुठल्या स्वरूपातली फाइल आणि फोटो परत कधी, हे लिहून घ्यावं, आणि काचेला चिकटलेला फोटो ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये. साठा मोठा असेल तर भावकीतल्या चार घरांनी मिळून एक स्कॅनर घेणं परवडतं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय, मालवणचं नगर वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांनी असा एक स्कॅनर ठेवून सभासदांना तासावर दिला तर त्याचा उपयोग वर्षानुवर्षं होईल, असं मला वाटतं; देणगीदार शोधायला ही वस्तू फार मोठी नाही. जुना स्कॅनरही चालतो. कॅननचा 9000एफ मार्क टू बनायचा बंद झाला, पण तो फिल्मही करतो आणि सेकंडहँड मिळतो. कंपनीने नव्या विंडोजसाठी सॉफ्टवेअर दिलं नसेल तर व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअर असे कितीतरी जुने स्कॅनर चालवतं. सेकंडहँड घेताना झाकणातला दिवा लागतो का आणि निगेटिव्हचे प्लास्टिकचे होल्डर सोबत आहेत का, ते पाहा. होल्डर नसले तर निगेटिव्ह थेट काचेवर ठेवावी लागते आणि तिच्यावर इंद्रधनुषी वलयं उमटतात.

काम केव्हा करायचं, हेही हवाच ठरवते. गणपतीला घर भरलेलं असतं आणि सगळ्यांना उत्साह येतो, पण तेव्हा फोटो सर्वांत मऊ आणि चिकट असतात. अल्बम त्या दिवसांत उलगडूही नये. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तिथून शिमग्यापर्यंतचे महिने उत्तम. मुंबईकरांना हाताशी घ्यायचं तर मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेला ते येतात, ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्येच पडते. सुरुवात कुठून करायची? पाकिटातल्या निगेटिव्हना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या आधी. तो वास म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागल्याची खूण, आणि ही क्रिया एकदा सुरू झाली की वेग घेत जाते. त्या पाकिटांना बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा. 1950 च्या आधीची फिल्म असेल तर कडेला ‘सेफ्टी’ असं छापलंय का ते पाहा. नसेल तर ती नायट्रेटची असू शकते आणि ती भडकून पेटते. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मचा साठा जळाला, तो याच जातीचा माल. अशी फिल्म उन्हात किंवा चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नका आणि तिची परीक्षा काडी लावून तर मुळीच घेऊ नका. त्यानंतर काचेतले फोटो, मग 1975 ते 1990 मधले लालसर पडत चाललेले रंगीत फोटो, कारण त्यांचे रंग अंधारातही उडतात. नीट धुतलेले कृष्णधवल फोटो सर्वांत शेवटी. ते वाट पाहू शकतात.

काचेतला फोटो स्कॅन करण्याआधी मागचा पुठ्ठा आणि चौकट सोडवा, फोटोला हात लावू नका. काचेच्या बाहेरच्या बाजूचे चंदन-कुंकवाचे ठिपके किंचित ओलसर कापडाने पुसा आणि काच पूर्ण वाळू द्या. कड धारदार असते. स्कॅनरच्या काचेवर ती सरकवू नका, उचलून ठेवा. ए4 पेक्षा मोठा असेल तर दोन भागांत, मधला पट्टा दोन्हीत येईल असा स्कॅन करून नंतर संगणकावर जोडा. बुरशी कोरडी असेल तर खळ्यात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओली दिसत असेल तर आधी सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. चिकट अल्बममधले फोटो उपटू नका, वरचं प्लास्टिक अलगद उलगडून पानच्या पान स्कॅन करा. ‘रंग सुधारा’ असं बटण असतं ते बंद ठेवून आधी एक मूळ प्रत टिफ स्वरूपात साठवा, सुधारणा नंतर तिच्या नकलेवर कराव्यात. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, गावाचं नाव तिथेच असतं.

स्कॅनर स्वतःही या हवेत राहणार आहे. पावसाळ्यात तो उघड्यावर ठेवला तर काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर येतो आणि भिंगावर बुरशी धरते. काम नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, आठ-पंधरा दिवसांनी एकदा चालवा. आणि तयार फाइली एका संगणकावर ठेवून स्वस्थ बसू नका. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची किती छपरं उडवली आणि किती दिवस वीज नव्हती, ते सगळ्यांना आठवत असेल. दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक गावात आणि एक मुंबई-पुण्याच्या घरी. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वर्षातून एकदा अदलाबदल करून दोन्ही चालतात का ते पाहावं. गणपतीला घर भरतं तेव्हा स्कॅन केलेल्या फोटोंच्या छोट्या छपाईवर म्हाताऱ्या माणसांकडून नावं लिहून घ्यावीत, आणि ती नावं नंतर फाइलींना द्यावीत.